विश्लेषणाच्या कामाला लागतो तो स्वभाव नेमका कोणता? (बारावीच्या लेकीसाठी विचारतेय)

जाईजुई | ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज जरा वेगळं विचारायचंय.

लेकीची बारावी झाली (शास्त्र शाखा), निकाल यायचाय. डॉक्टर आणि इंजिनियर, दोन्हीला तिनं आधीच फुली मारलीय. मागच्या आठवड्यात एका समुपदेशन केंद्रात तिची कलचाचणी करून घेतली. साडेतीन हजार रुपये, अठरा पानी रंगीत अहवाल. त्यात लिहिलंय, ‘आपला कल विश्लेषणात्मक क्षेत्राकडे आहे.’ खाली यादी: डेटा सायन्स, संख्याशास्त्र, ॲक्च्युअरी (विम्यातल्या जोखमीचा हिशेब मांडणारे), संशोधन, ऑडिट. आता कराडात बसून मला यातलं काय कळणार?

माझी शंका अशी, की ती गणितात काही फार पुढे नाही. दहावीला ७४. कोडी सोडवायला बसत नाही, बुद्धिबळाचा घोडा कसा चालतो तेही धड येत नाही. पण चौकस भयंकर. आणि नोंदी ठेवायचं वेड. सकाळची एसटी रोज उशिरा येते (मंगळवारी तर हमखास), म्हणून कॉलेजात सर ओरडले, तर आमच्या बाईसाहेबांनी वहीच घातली. कुठल्या दिवशी किती मिनिटं उशीर. चार महिने लिहीत होती. भाजीवाल्याशी हुज्जत घालत नाही, पण घरी आल्यावर किलोभर कांदे पुन्हा तोलून बघते.

तर या कामात असलेल्यांनी सांगा. खरंच कुठला स्वभाव लागतो? आणि तेवढ्यावर भागतं का?

खवट_म्हातारा | रात्री १०:०२

साडेतीन हजार! आमचे गुरुजी एकावन्न रुपयांत पत्रिका मांडतात, वर प्रसादाचा नारळ.

१९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गातल्या पोरांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुमचा’ म्हणून अहवाल दिला. तो कितपत जुळतो, याला पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग उलगडा झाला की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि तो पेपरच्या स्टॉलवरच्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता.

ताई, तुमच्या अठरा पानांत ‘आपण कधी बोलक्या तर कधी अंतर्मुख असता’ अशा धाटणीचं काही आहे का बघा.

जाईजुई | रात्री १०:०९

आहे हो! पान ६. (डोक्याला हात)

वाटाड्या | रात्री १०:३१

आजोबा, सगळ्या चाचण्यांना एकाच काठीनं झोडपू नका. मी कलचाचण्यांचंच काम करतो म्हणून बोलतोय. जॉन हॉलंडची सहा प्रकारांची विभागणी आवडीनिवडींवर आधारलेली आहे: हातानं काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, लोकांत रमणारे, पुढाकार घेणारे आणि नीटनेटकी चाकोरी आवडणारे. विश्लेषणाच्या कामात ‘शोध घेणारे’ आणि ‘चाकोरीवाले’ हे दोन्ही लागतात. जाईजुईताईंची लेक या दोन्हींत बसते असं वहीवरून वाटतंय.

पण ही चाचणी आवड सांगते, कुवत नाही. ‘तुला गाणं आवडतं’ याचा अर्थ ‘तू गाशील’ असा होत नाही. आमच्या धंद्यातले बरेच लोक हे वाक्य गाळतात, कारण मग अहवाल अठरा पानांचा होत नाही.

हिंजवडीचा_हमाल | रात्री ११:१५

अकरा वर्षं डेटा ॲनालिस्ट आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

जाहिरातींत दाखवतात ते काम (रंगीत आलेख, काचेच्या खोलीत टाळ्या) आठवड्यातून एखादा तास असतं. बाकी वेळ निवडणं-टिपणं. आजीच्या भाषेत, तांदूळ निवडणं. माझ्याकडे महाराष्ट्रभरच्या दुकानांची माहिती येते. त्यात कुणी ‘औरंगाबाद’ लिहितं, कुणी ‘छत्रपती संभाजीनगर’, कुणी ‘छ. संभाजीनगर’, तर कुणी ‘संभाजी नगर’ मध्ये जागा सोडून. संगणकाच्या लेखी ही चार गावं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं त्या तिमाहीत एका साहेबांच्या तक्त्यात नगरची विक्री थेट शून्यावर आली होती आणि तिथल्या माणसाला कारणे दाखवा नोटीस जायच्या बेतात होती. गावाचं नाव बदललंय, विक्री तिथेच आहे, हे कुणाच्या तरी डोक्यात यायला लागतं. ज्याच्या येतं तो ॲनालिस्ट. त्याला कलन (कॅल्क्युलस) किती येतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

एक्सेलची गंमत माहीत असेलच. काही जनुकांची नावं सप्टेंबर आणि मार्चच्या संक्षेपासारखी होती, एक्सेल त्यांची परस्पर तारीख करून टाकायचं. संशोधकांच्या तक्त्यांत वर्षानुवर्षं हा घोळ होत राहिला. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं त्या जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे विज्ञानानं हात टेकले.

सांगायचं एवढंच, की कुठे पाणी मुरतंय असं वाटलं की स्वस्थ बसवत नाही, ती खाज असेल तर या. कांदे पुन्हा तोलणारी मुलगी मला तरी आशादायक वाटते.

सातारी_कंदी | रात्री ११:२०

‘ती खाज’ या पारिभाषिक शब्दाबद्दल आभार. वाचनखूण साठवली.

ताळेबंद_तात्या | ५ मे, सकाळी ६:१२

बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी संगणकापूर्वीची. आमच्या वेळी याला विश्लेषण म्हणत नसत, ‘ताळा लागतोय का बघ’ म्हणत. संध्याकाळी खातेवह्या जुळल्या नाहीत तर कुणी घरी जायचं नाही. २७० रुपयांचा फरक आला की नवखा माणूस पहिल्या पानापासून बेरजा करत बसायचा. आमचे हेडक्लार्क विचारायचे, ‘नवानं भाग जातो का?’ जातो ना, मग कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत. ८५० च्या जागी ५८०. तसल्या नोंदी शोधा. पाच मिनिटांत सापडायचं.

दोन माणसं आठवतात. एक अत्यंत हुशार, तोंडी बेरजा करणारा. त्याचा ताळा नाही लागला तर तो म्हणायचा, ‘माझं बरोबर आहे, काउंटरवाल्याचं चुकलं असेल.’ दुसरा सुमार. तो आधी स्वतःची बेरीज तपासायचा. पुढे इन्स्पेक्शनला कुणाला घेतलं असेल ते सांगायला नको.

चौकटबाह्य | सकाळी ९:४५

तात्या, दंडवत. तुमच्या त्या दुसऱ्या माणसावरून एक खेळ मांडतो. माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे. २, ४, ६ त्यात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे द्या, मी फक्त बसतात की नाही ते सांगणार. खात्री झाली की नियम सांगा.

सातारी_कंदी | सकाळी ९:५१

८, १०, १२

चौकटबाह्य | सकाळी ९:५२

बसतात.

सातारी_कंदी | सकाळी ९:५३

२०, २२, २४. आणि ५०, ५२, ५४.

चौकटबाह्य | सकाळी ९:५५

दोन्ही बसतात.

सातारी_कंदी | सकाळी ९:५५

दोन-दोननं वाढणारे सम आकडे. यात काय कोडं? पेढे पाठवू का आता?

चौकटबाह्य | सकाळी ९:५८

चूक. पेढे पाठवा पण.

पीकपाणी | सकाळी ११:०५

धागा हायजॅक व्हायच्या आत मूळ प्रश्नाबद्दल लिहून घेतो.

वडील कृषी खात्यात होते. पीक कापणी प्रयोगाला (शेतात दोरीनं चौकोन आखून तेवढंच पीक कापून तोलायचं, त्यावरून उत्पन्नाचा अंदाज) लहानपणी त्यांच्यासोबत जायचो. गावातलं शेत आणि शेतातला चौकोन हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं, माणसाच्या मर्जीनं नाही. तो चौकोन नेमका चिखलात, बांधापासून लांब, जिथे पीक विरळ तिथे यायचा. शेतकरी म्हणायचा, ‘साहेब, इकडचं घ्या की, इकडं दाट आहे.’ पीकविमा आल्यावर उलटं, ‘साहेब, तिकडचं घ्या, तिकडं काहीच नाही.’ वडील चप्पल काढून आकडा सांगेल तिथेच जायचे. चिखलातून परत येताना एकदा म्हणाले होते, कुणाला न दिसता सोयीच्या जागी दोरी टाकता येते, हीच या नोकरीतली परीक्षा.

जाताजाता, ही पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे हे मोठं नाव. जन्म १९११, गाव बुध, जिल्हा सातारा. म्हणजे ताई, तुमच्याच जिल्ह्यातले. पुढे जागतिक अन्न आणि शेती संघटनेत गेले आणि जगातल्या भुकेचा हिशेब मांडत बसले. त्यांना कलचाचणीत काय निघालं असतं कोण जाणे.

तारापूरची_तारा | दुपारी १:२०

पीकपाणी, आमच्याकडेही ‘पीक’ असतं, पण आलेखातलं! मी औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र). सगळे डेटा-डेटा करतायत, पण विश्लेषण म्हणजे रसायनाचंही असतं. पांढरा कोट, उभं राहून काम.

इथे दोन गोष्टी. एक, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. नोंद त्याच वेळी करायची, संध्याकाळी आठवून नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, सही-तारीख टाकायची, खाडाखोड नाही. दोन, निकाल मर्यादेबाहेर गेला तर आवडता आकडा मिळेपर्यंत पुन:पुन्हा तपासत बसायचं नाही. आधी कारण शोधायचं: नमुना, यंत्र, की मी. रात्रीची पाळी संपायला वीस मिनिटं असताना हे पाळणं किती अवघड असतं ते मला विचारा. त्यामुळे वहीवाली मुलगी ‘त्याच वेळी’ लिहीत होती का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

टेम्सकाठी | सायं ५:४०

लंडनहून. ॲक्च्युअरी आहे (अजून दोन पेपर राहिलेत, कृपया शुभेच्छा).

हमालदादांचं लिखाण आवडलं, पण एका बाबतीत असहमत. ‘कलनाशी संबंध नाही’ असं सांगून ताईंना फसवू नका. ॲक्च्युअरी किंवा संख्याशास्त्राची पदवी घ्यायची तर कलन, संभाव्यता हे सगळं पाठीशी लागतंच. परीक्षा वर्षानुवर्षं चालतात, नोकरी करून द्यायच्या, नापास होणं हा दिनक्रम. माझ्या बरोबरीचे हुशार लोक सोडून गेले ते गणिताला कंटाळून नव्हे, तर रविवारी अभ्यास करून करून.

ही विद्या जुनी आहे. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीनं १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयाची किती माणसं मागे उरतात याचा तक्ता मांडला आणि त्यावरून वार्षिकीची (हयातभर दरवर्षी मिळणाऱ्या ठरावीक रकमेची) किंमत काढून दाखवली. धूमकेतूची वाट बघण्याइतकाच धीर इथेही लागतो.

हिंजवडीचा_हमाल | सायं ६:०५

मान्य, ॲक्च्युअरीला गणित हवंच. मी कंपन्यांतल्या रोजच्या विश्लेषणाबद्दल बोलत होतो. तिथे टक्केवारी, एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची संगणकी भाषा) आणि ‘हे असं कसं?’ विचारायची हिंमत. पण ७४ म्हणजे गणित येत नाही, हे कुणी ठरवलं? पेपर काही तासांचा, ती बाई वही चार-चार महिने चालवते. वेगळाच स्नायू आहे तो.

देवळाली_लोकल | सायं ६:३०

गणिताची आवड आणि विश्लेषण यांची गल्लत होतेय. आमच्या देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर शिक्षक होते. कोणताही चार आकडी अंक घ्या (चारही आकडे सारखे नकोत). आकडे उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाचा अंक वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. शेवटी ६१७४ येऊन थांबतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, बॉस नव्हता, तिमाही नव्हती. तो आनंद वेगळा आणि साहेबाला नगरची विक्री समजावणं वेगळं.

सातारी_कंदी | सायं ७:१४

मी ३५२१ घेतला. ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सात वेळा वजाबाकी! चहा गार झाला.

देवळाली_लोकल | सायं ७:१८

सातच्या वर कधीच लागत नाहीत. तुम्ही नेमका सर्वांत लांबचा रस्ता धरलात.

ताळेबंद_तात्या | सायं ७:५०

अवांतर, पण राहवत नाही. ६१७४ ला नवानं भाग द्या. ६८६, बाकी शून्य. कंदीताईंच्या सगळ्या पायऱ्यांनाही जातो. आकडे उलटसुलट करून वजा केले की नवानं भाग जाणारच, तेच आमच्या हेडक्लार्कांचं २७०. कापरेकर आणि माझे हेडक्लार्क एकाच वाटेवर होते, हे आज कळलं. मजा आली.

खवट_म्हातारा | रात्री ८:१०

बघा, प्रश्न लेकीच्या करियरचा आणि सगळे वजाबाक्या करत बसलेत. हाच तुमचा विश्लेषणात्मक स्वभाव. हलके घ्या.

बाय द वे, चौकटबाह्य, १, ७, ९०.

चौकटबाह्य | रात्री ८:१५

बसतात!

खवट_म्हातारा | रात्री ८:१६

९, ५, १.

चौकटबाह्य | रात्री ८:१७

नाही बसत.

खवट_म्हातारा | रात्री ८:१९

चढते आकडे. बास. एवढंच.

चौकटबाह्य | रात्री ८:३०

बरोबर! पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये लंडनच्या विद्यार्थ्यांना हेच घातलं होतं, बहुतेकांचा पहिला अंदाज चुकला. कंदीताईंसारखंच सगळ्यांनी ‘हो’ येईल असेच आकडे दिले. आजोबांनी ‘नाही’ यावं म्हणून आकडे टाकले. आपलं म्हणणं मोडायला निघालेला माणूस लवकर पोचतो. म्हणजे या धाग्यावर सर्वांत विश्लेषक कोण, तर जे सगळ्यालाच नाही म्हणतात ते.

खवट_म्हातारा | रात्री ८:३३

हे आमच्या हिला वाचून दाखवतो. चाळीस वर्षं ती याला तिरसटपणा म्हणतेय.

गुरुजीबाई | रात्री ९:२५

प्राथमिक शिक्षिका आहे, जनगणनेचं काम केलंय. ‘आजी, वय किती?’ ‘असंल साठ.’ शेजारची आजी, ‘मीबी साठ.’ सगळ्या वाडीत साठ आणि पासष्ट, एकसष्टची एकही नाही. असे आलेख काढले की ० आणि ५ वर खुंट्या उभ्या राहतात म्हणे.

माझं सांगणं वेगळं आहे. त्या आजीशी बोलता आलं पाहिजे. ‘दुष्काळाच्या साली तुम्ही केवढ्या होता? थोरला कधी झाला?’ असं विचारत गेलं की खरं वय दोन-तीन वर्षांच्या आत सापडतं. इथे सगळ्यांनी एकलकोंड्या, वहीत डोकं खुपसलेल्या माणसाचं चित्र काढलंय. आकडा शेवटी कुणाच्या तरी तोंडून येतो. लेक माणसांशी कशी बोलते, हे ताईंनी सांगितलंच नाही.

जाईजुई | ६ मे, दुपारी ३:५०

सगळ्यांचे किती आभार मानू! लेकीला धागा वाचायला दिला. अर्धा तास काही बोलली नाही, मग म्हणाली मला लिहायचंय. तर खालचं तिचं, माझ्या आयडीवरून:

*नमस्कार. आईनं लिहिलंय त्यात दोन दुरुस्त्या. वही चार महिने नाही, जूनअखेर ते डिसेंबर. आणि मंगळवारी हमखास उशीर होत नाही. मंगळवारी आई मला सोडायला स्टँडवर यायची, म्हणून तिला फक्त मंगळवारच माहीत. सगळ्यात जास्त उशीर शनिवारी.*

*तारापूरच्या काकूंना: हो, स्टँडवर उभी राहूनच लिहायचे. एकूण १३१ दिवस. त्यातले ९ दिवस मी मामाकडे होते, ते रिकामे सोडलेत. वेळेवर म्हणजे पाच मिनिटांच्या आत, हे पहिल्याच पानावर लिहिलं होतं. ७८ दिवस उशीर, ४३ दिवस वेळेवर. कंडक्टरकाकांना कारण पण विचारायचे, ते दुसऱ्या रकान्यात. (गुरुजीबाईंसाठी.)*

*आणि एक विचारू का? इथे जे लिहितायत ते सगळे या कामात टिकलेले आहेत. ज्यांना हा स्वभाव होता आणि तरी सोडून गेले, ते कुठे आहेत? त्यांचं कळल्याशिवाय हा स्वभाव लागतो म्हणजे नेमकं काय ते कसं कळणार?*

हिंजवडीचा_हमाल | दुपारी ३:५८

रिकामे सोडले!! माझ्या टीममध्ये पदवीधर आहेत जे तिथे सरासरी भरून मोकळे होतात.

आणि शेवटच्या प्रश्नानं आमची सगळ्यांची विकेट काढली.

टेम्सकाठी | सायं ४:१०

+१. निःशब्द. (पेपरांसाठी शुभेच्छा अजून कुणी दिल्या नाहीत, हेही नोंदवतो.)

पायवाट | रात्री १०:४५

बरीच वर्षं वाचनमात्र होतो. त्या मुलीनं विचारलंय म्हणून लिहितो, मी सोडून गेलेल्यांपैकी.

पाच वर्षं एका मोठ्या कंपनीत विश्लेषक होतो. वर लिहिलेला सगळा स्वभाव होता, ती खाजसुद्धा. दोन गोष्टींनी घात केला. पहिली, निर्णय आधी व्हायचे, आकडे नंतर मागवले जायचे. ‘असं असं दिसेल असा चार्ट दे.’ सुरुवातीला भांडलो, मग दमलो. पण तेवढंच असतं तर दुसरीकडे नोकरी शोधली असती. खरं कारण दुसरं. उत्तर कधी पक्कं नसायचं. ‘बहुधा असं, पण तसंही असू शकेल’ असं लिहून फाइल पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी नवीन फाइल. मला शंका घेता यायची, शंकेत राहता यायचं नाही. रात्री दोनला उठून कालची फाइल उघडून बसायचो. डॉक्टरांपर्यंत गेलं प्रकरण.

आता वाईजवळ दुचाकीचं गॅरेज आहे. गाडी सुरू होते किंवा होत नाही. तुझी ती वही चालू असताना तुला झोप लागायची का, हे स्वतःला विचार. मला कुणी विचारलं नव्हतं.

वाटाड्या | रात्री ११:०५

हा प्रश्न आमच्या अठरा पानांत नसतो. घालायला हवा.

हिंजवडीचा_हमाल | रात्री ११:१२

पायवाट, पण ‘प्लग की कार्ब्युरेटर’ हे शोधणं म्हणजे विश्लेषणच की.

पायवाट | रात्री ११:२०

असं गिऱ्हाईकंही म्हणतात, बिल बघितल्यावर.

जाईजुई | ७ मे, सकाळी ७:३०

विचारलं. म्हणाली, झोप लागायची, कारण वही दप्तरात असायची. हे उत्तर चांगलं की वाईट ते मला कळलं नाही, पण पायवाटदादा, तुम्ही लिहिलंत ते ती दोनदा वाचत होती. तूर्त बी.एस्सी. संख्याशास्त्राचा अर्ज भरायचं ठरतंय. गणिताचं टेम्सकाठींनी सांगितलेलं ध्यानात ठेवून उन्हाळ्यात शिकवणी. कलचाचणीच्या अहवालावर सध्या कांदे ठेवलेत.

ताळेबंद_तात्या | सकाळी ७:५५

सूनबाई, सगळं छान. पण सकाळपासून एक गोष्ट खटकतेय. १३१ मधून ९ गेले, राहिले १२२. उशिराचे ७८ आणि वेळेवरचे ४३ मिळून १२१ होतात. एक दिवस कुठे गेला? विचारा तिला.

जाईजुई | सकाळी ८:२०

*तात्याआजोबा, २३ ऑगस्ट. त्या दिवशी गाडी आलीच नाही. तो उशीर धरायचा की नाही ते ठरत नव्हतं, म्हणून शेवटच्या पानावर वेगळा लिहून ठेवलाय.*